दुखणं डॉक्टरांना नीट सांगायला हवं



आपल्या मंडळीत आजाऱ्यांच्या भेटीला जायची पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे. आपण जातो, उशाशी बसतो, प्रार्थना करतो, चहा घेऊन निघतो. त्यात एक काम वाढवावं असं मला सुचवायचं आहे. ज्याला दुखतंय, त्याला डॉक्टरांशी त्या दुखण्याविषयी आणि वेदनाशामक गोळ्यांविषयी बोलायला मदत करावी.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. घरात मराठी आणि शाळा सुरतेतली गुजराती, एवढंच माझं भांडवल. त्यामुळे उधना, लिंबायत, डिंडोलीकडची खानदेशी कुटुंबं, मंडळीतली आणि शेजारपाजारचीही, मला दवाखान्यात सोबत नेतात. नवी सिव्हिल असो, स्मीमेर असो की गल्लीतला फॅमिली डॉक्टर, संवाद बहुतेक वेळा एकच. "काय होतंय?" "दुखतं." "आधी काही घेतलंत?" "नाही, काही नाही."

पहिलं उत्तर अपुरं असतं आणि दुसरं बहुधा खरं नसतं.

आपल्या भाषेत दुखण्याला काय कमी शब्द आहेत? ठणकतं, चमक निघते, सणक जाते, आग होते, मुंग्या येतात, रग लागते, उसण भरते, पायात गोळे येतात, पोटात कळ येते. आई घरी हे सगळं बरोबर सांगते. डॉक्टरांसमोर बसली, समोरचे गुजराती किंवा हिंदी बोलू लागले, की सगळ्याचं एकच 'दर्द' होतं. आणि इथेच नुकसान होतं. आग होणं, मुंग्या येणं हे पुष्कळदा नसेचं दुखणं असतं, त्यावर नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, औषध वेगळं लागतं. छातीत दाबल्यासारखं होऊन कळ हातात उतरत असेल तर वेदनाशामक घेऊन घरी बसायचंच नाही. म्हणून सोबत जाणाऱ्याने पेशंटचा शब्द बदलू नये. आई 'सणक' म्हणाली तर सणक म्हणजे काय ते डॉक्टरांना समजावून सांगावं. आणि कृपा करून तिच्या वतीने आपणच उत्तर देऊ नये! "वय झालंय हो, चालायचंच," असं म्हणणारे मुलगे मी खूप पाहिले. दुखतं तिला, उत्तर देतो हा.

आता त्या 'काही नाही'कडे वळू. लूमवर 12 तास उभं राहणारा माणूस चौकातल्या मेडिकलमधून रोज गोळी घेतो. ती त्याच्या लेखी औषधच नसते, ती बिडी-चहासारखी असते. पण डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या रोज घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर भार येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी जास्त होण्याची गोळी आणि त्यावर ही, अशा तिन्ही एकत्र आल्या तर मूत्रपिंडाला धोका आणखी वाढतो. डॉक्टरांना तिसरी माहीतच नसेल तर ते काय करणार? आपल्या पारशी शेजाऱ्यांना गिधाडांची गोष्ट विचारा. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती देशभर मेली. जनावरांसाठी ते औषध 2006 मध्ये बंद झालं. माणूस गिधाड नव्हे, हे कबूल. पण "साधी गोळी" म्हणताना हे आठवावं.

पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य, तरी त्यालाही हद्द आहे. धडधाकट मोठ्या माणसाला सगळं मिळून दिवसाला 4000 मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि यकृत बिघडलेलं असेल तर त्याहून कमी, किती ते डॉक्टर सांगतील. 'सगळं मिळून' म्हणण्याचं कारण असं की अंगदुखीच्या जोडगोळीत पॅरासिटामॉल असतं, सर्दीच्या गोळीत असतं, आणि वर तापाची 650 ची गोळी असतेच. नावं तीन, औषध एक. पावसाळ्यात तर अधिकच जपावं. डेंग्यूचा संशय असेल तर ताप-अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, रक्तस्रावाची भीती असते. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.

सगळ्यात अवघड विषय दारूचा. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे, म्हणून डॉक्टरांनी विचारलं की आपला माणूस कानाला हात लावतो. त्यातून मंडळीतलं कोणी सोबत असलं तर विचारूच नका. पण दारूवर पॅरासिटामॉल यकृताला जड जातं, डायक्लोफेनॅकच्या जातीची गोळी घेतली तर पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढते, आणि ट्रॅमाडॉल घेतलं तर श्वास मंदावू शकतो. डॉक्टर नीतिमत्ता तपासत नाहीत, डोस ठरवतात. पेशंटने सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन त्यांच्यावर 2002 च्या आचारनियमांनीच घातलेलं आहे, कोर्टाच्या हुकुमासारखे मोजके अपवाद सोडून. मी तर त्या प्रश्नाच्या वेळी उठून बाहेर जाते. पाळकसाहेबांनीही जावं. माणूस मग खरं बोलतो.

बाकी तयारी साधी आहे. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्या स्ट्रिपसकट. काढा, भस्म, तेल, सुट्या गोळ्यांची पुडी, सगळं. पुडीत काय आहे हे कशावरच लिहिलेलं नसतं. कधी कधी त्यात स्टेरॉइडही निघतं, म्हणून तर दोन तासांत बरं वाटतं. कागदावर लिहावं: कुठे दुखतं, कधीपासून, रात्री झोप मोडते का, काय घेतल्यावर उतरतं, बीपी, शुगर, किडनी, अल्सर, दमा, दिवस गेलेत का. आणि उठण्याआधी विचारावं की ही गोळी किती दिवस, जेवणाआधी की नंतर, जुन्यांपैकी कोणती बंद, आणि काय झालं तर ताबडतोब परत यायचं. डांबरासारखी काळी शी, लघवी कमी होणं, पायावर-तोंडावर सूज, या खुणा तर पाठच असाव्यात. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरही वैतागतात. कागद पुढे केला की काम लवकर होतं, हा माझा अनुभव आहे.

आता उलट बाजू. कॅन्सरच्या पेशंटच्या घरी आपण भेटीला जातो तेव्हा गोळ्या फार झालेल्या नसतात, कमी पडत असतात. मॉर्फिनचं नाव काढलं की घरचे घाबरतात. "म्हणजे आता संपलं का?" "व्यसन लागेल का?" परळच्या टाटामधून परतलेल्या पेशंटच्या घरातही हेच ऐकलंय. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेपुरतं दिलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. बद्धकोष्ठ होतो, त्याचं औषध सोबतच मागून घ्यावं, सुरुवातीला गुंगी येते, तीही सांगावी. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि आपला माणूस मात्र रात्रभर कण्हतो, हे मला पटत नाही. 1985 च्या कायद्याने परवान्यांची इतकी कटकट केली होती की दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच नको म्हणत. 2014 च्या दुरुस्तीनंतर ते सोपं झालंय. तेव्हा "मॉर्फिनचा विचार करता येईल का?" असं डॉक्टरांना सरळ विचारावं.

काही वडीलधारी म्हणतात की वेदना निमूट सोसणं हीच भक्ती. वधस्तंभावर प्रभूने गंधरस घातलेला द्राक्षारस नाकारला, हा दाखलाही देतात. मी वाद घालत नाही. पण शोमरोन्याने जखमी माणसाला सोसायला सांगितलं नव्हतं, तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या होत्या. पोप बारावे पायस यांनी 1957 सालीच भूलतज्ज्ञांसमोर स्पष्ट केलं होतं की वेदना शमवणारं औषध घेण्यात पाप नाही. वांद्र्याचं शांती अवेदना सदन तर 1986 पासून असल्या पेशंटांना सांभाळतं आहे.

मंडळीत गुजराती लिहिता-वाचता येणारी पुष्कळ तरुण मुलं-मुली आहेत. रविवारी उपासनेनंतर अर्धा तास त्यांनी मागच्या बाकावर बसावं, ज्याला दवाखान्यात जायचंय त्याने पिशवी घेऊन यावं, कागद तिथेच लिहून घ्यावा. शेजारी हिंदू असो, मुसलमान असो, त्यालाही बोलवावं. मी बसायला तयार आहे. पेन आणि वही माझी.

आपली,
एक वाचक भगिनी, उधना, सुरत