पाहुण्याच्या हाती दोर द्या

'अतिथी देवो भव' हे वाक्य आपण इतक्या लहानपणी पाठ करतो की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची पाळी सहसा येतच नाही. देव म्हटला की त्याला पाटावर बसवावे, नैवेद्य दाखवावा आणि जागचे हलू देऊ नये, ही आपली रीत. पाहुण्याचेही आपण तेच करतो. मीही तेच करीत आले होते. २०२४ च्या मे महिन्यात, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका सव्वीस फुटी शिडाच्या बोटीत माझ्या या समजुतीला पहिला धक्का बसला. त्यासाठी हा लेखप्रपंच.

माझे मामा ग्लासगोला नोकरी करतात. एका शेजाऱ्याबरोबर भागीत त्यांनी जुनी बोट घेतली आहे. ती ओबन बंदरात असते. सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले होते. तीन आठवड्यांत शीड चढवणे, दोराचे नीट वेटोळे घालणे, नांगर टाकणे इतपत मला जमू लागले होते. अशात एडिंबरोला शिकत असलेली माझी एक जुनी मैत्रीण चार दिवसांसाठी येते म्हणाली. मामा म्हणाले, "येऊ दे की. फक्त तिला एवढं सांग, पाहुण्यानं वार ठरवावा नाहीतर बंदर ठरवावं. दोन्ही ठरवू नये, एक वाऱ्यासाठी ठेवावं." मी हसले, आणि मैत्रिणीला यातले काहीच सांगितले नाही. पाहुणीला अटी कसल्या घालायच्या?

माझ्या आदरातिथ्याची फळे ती आली त्याच रात्री दिसू लागली. बोटीवरच्या संडासाला हातपंप असतो, आणि वापर झाल्यावर समुद्राकडचा व्हॉल्व्ह आठवणीने बंद करावा लागतो. ही गोष्ट पाहुण्याने बोटीवर पाय ठेवताच सांगायची असते. मला मेली लाज वाटली. मध्यरात्री केबिनच्या फळ्यांवर पाणी आले. मामांनी व्हॉल्व्ह बंद केला, मी पाणी उपसत बसले आणि मैत्रीण बिचारी ओशाळून कोपऱ्यात उभी राहिली. चूक तिची नव्हती, माझ्या भिडेची होती.

सकाळी ओबन सोडले. केरेरा बेट मागे पडले, लिस्मोरचे पांढरे दीपगृह जवळ आले आणि तिथल्या प्रवाहात बोट उसळू लागली. "तू बस गं, तू पाहुणी आहेस," असे म्हणून मी तिला खाली केबिनमध्ये बसवले, पाठीशी उशी दिली, चहा दिला. याहून वाईट उपचार शोधून सापडला नसता! केबिनमध्ये डोळ्यांना सारे स्थिर दिसते आणि शरीराला मात्र हेलकावे जाणवतात. या विसंगतीतूनच बोट लागते. अर्ध्या तासात तिचा चेहरा पांढराफटक पडला. मामांनी तिला वर बोलावले, सुकाणूचा दांडा तिच्या हाती दिला आणि म्हणाले, "तो समोरचा किल्ला दिसतो ना? त्याच्यावर नजर ठेव. बोटीचं नाक तिकडंच राहिलं पाहिजे." तो मल बेटावरचा डुआर्टचा किल्ला. वीस मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग परतला. तासाभराने तिला भूक लागली. त्या रात्री आम्ही लॉख अलाइन या खाडीत थांबलो, तेव्हा नांगराची साखळी तिनेच सोडली.

आपल्यापैकी इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना डॉ. जॉन्सन आणि बॉस्वेल ही जोडी परिचयाची आहे. १७७३ च्या ऑक्टोबरमध्ये ते दोघे स्काय बेटावरून मलकडे निघाले असता वादळात सापडले. डॉ. जॉन्सन खाली पडून होते आणि ऊब यावी म्हणून त्यांनी एक शिकारी कुत्रा पाठीशी घेतला होता. वर घाबरलेल्या बॉस्वेलने, मी काय करू, असे विचारले. यजमान म्हणून बरोबर असलेल्या कॉल बेटाच्या तरुण जहागीरदाराने त्याच्या हाती डोलकाठीचा एक दोर दिला आणि सांगेपर्यंत घट्ट धरून ठेवण्यास बजावले. त्या दोराचा काडीइतका उपयोग नव्हता. आपल्याला वाटेतून दूर ठेवावे आणि भीती विसरायला लावावे एवढाच त्यामागचा हेतू असणार, हे बॉस्वेलने पुढे १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. त्या यजमानाने निदान खोटा का होईना, दोर दिला. मामांनी खरे सुकाणू दिले. मी मात्र उशी दिली.

खरी परीक्षा पुढेच होती. आम्ही टोबरमोरीला पोहोचलो. धक्क्यावरच्या रंगीत घरांची ती रांग पाहत दोन दिवस मजेत गेले. रविवारी ओबनहून तिची गाडी होती आणि सोमवारी तिला एडिंबरोत हजर राहणे भाग होते. रविवारी सकाळी नेमका आग्नेयेकडून, म्हणजे तोंडावर, जोराचा वारा सुटला. मामा म्हणाले, "आज निघायचं नाही." मी हट्टाला पेटले. पाहुणीला बसने पाठवायचे? लोक काय म्हणतील? मैत्रीण म्हणाली, "मला चालेल, निघू या." मामांनी आमच्याकडे लक्षच दिले नाही. तिला बसने क्रेगन्युअरला आणि तिथून मोठ्या फेरीबोटीने ओबनला रवाना केले. तिला गाडी मिळाली.

आठवड्याने तिने मला खरे सांगितले. त्या सकाळी ती भीतीने गारठली होती, पण मी एवढा आग्रह करते आहे तर नाही कसे म्हणावे, म्हणून ती हो म्हणाली. वाचकहो, जरा विचार करा. मला वाटत होते, तिच्यासाठी निघावे. तिला वाटत होते, माझ्यासाठी निघावे. निघावे असे प्रत्यक्षात कोणालाच वाटत नव्हते! आम्ही दोघी एकमेकींची भीड राखीत होतो आणि पणाला तिघांचे जीव लागले होते.

याच किनाऱ्यावर १९४७ च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज ऑर्वेल आपला तीन वर्षांचा मुलगा आणि सुट्टीला आलेली भाचे मंडळी यांना घेऊन होडीतून परतत होता. भरती-ओहोटीची वेळ चुकली आणि होडी जुरा व स्कार्बा बेटांमधल्या कॉरिव्रेकनच्या भोवऱ्याजवळ सापडली. होडीचे इंजिन निखळून पडले, पुढे होडीही उलटली. एका खडकावर आसरा मिळाला आणि शेवंडे पकडणाऱ्या कोळ्यांनी सर्वांना वाचवले. '१९८४' ही कादंबरी तेव्हा पुरी व्हायची होती. त्या समुद्राला यजमान कोण आणि पाहुणा कोण हे कळत नाही.

कोणी म्हणेल, बोटीचे नियम घराला कशाला? दमून आलेल्याला विसावा द्यायला नको का? जरूर द्यावा. पण आपला आग्रह पुष्कळदा पाहुण्यासाठी नसतोच. तो आपल्या नावलौकिकासाठी असतो. पाहुणा बाहेर अवघडून बसतो, घरातली बाई आत चुलीपाशी राबते आणि दोघांची गाठ फक्त वाढताना पडते. याला आदरातिथ्य म्हणायचे का? मला वाटते, खरे काय ते आधी सांगणे, 'नाही' म्हणायला वाव ठेवणे आणि हाती खरे काम देणे, हाच पाहुण्याचा खरा मान.

त्याच वर्षी दिवाळीत ती मैत्रीण आमच्या घरी आली. मी तिच्यापुढे विळी आणि नारळ ठेवला. आई माझ्याकडे डोळे वटारून बघतच राहिली. मैत्रिणीने मात्र पदर खोचला, विळीवर बसली आणि नारळ खवता खवता आईलाच विचारू लागली, "मावशी, तुमच्या संडासाचा व्हॉल्व्ह कुठं आहे, तेवढं आधी सांगा."