विश्लेषण : वाळवंटातील घरापुढची डांबरी वाट खरवडावी की झाकावी?

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर राहिले. त्या काळात तेथील जळीत विभागांत दाखल झालेल्यांमध्ये आगीत सापडलेले नव्हे, तर तापलेल्या जमिनीवर पडलेले अनेक जण होते. भर दुपारी तिथल्या डांबराच्या पृष्ठभागाचे तापमान ७० अंशांच्या वर जाते. माणसाची कातडी काही सेकंदांत भाजणारी ही उष्णता खुद्द डांबराचे काय करत असेल? रस्ते निदान नगरपालिका दुरुस्त करते. पण रस्त्यापासून गॅरेजपर्यंत जाणारी घरापुढची वाट, म्हणजे ‘ड्राइव्हवे’, घरमालकाच्या खिशातून दुरुस्त होतो. आणि तिथे जुना थर खरवडून नवा घालायचा की जुन्यावरच काळा मुलामा द्यायचा, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही.

ऊन डांबराचे नेमके काय करते?

डांबरी पृष्ठभागात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी आणि वाळू असते. उरलेले पाचेक टक्के बिटुमेन हा त्यातला डिंक. उष्णतेत या डिंकातले हलके तेलकट अंश उडून जातात आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तो कडक व ठिसूळ होतो. हे सर्वात आधी वरच्या काही मिलिमीटरमध्ये घडते. काळी वाट आधी करडी पडते, मग खडीचे कण सुटू लागतात, झाडू मारला की वाळू निघते. वाळवंटात दिवसा भट्टी आणि रात्री गारवा. हिवाळ्यात पारा कधी शून्याच्या जवळ जातो. ठिसूळ झालेला थर आकसताना ताण सहन करू शकत नाही आणि चौकोनी भेगा पडतात.

यात एक विचित्र गोष्ट अशी की, वर्दळ कमी असणे हे इथे वरदान नाही. रस्त्यावरून सतत फिरणारी चाके उन्हाळ्यात मऊ झालेले डांबर दाबत, मळत राहतात आणि त्याची छिद्रे बुजतात. घरापुढच्या वाटेवर दिवसाला दोन गाड्या येतात-जातात. त्यामुळे चाकांच्या पट्ट्यांपेक्षा कडा आणि मधला न वापरलेला भाग अनेकदा आधी तडकतो. म्हणजे ही वाट वापराने झिजत नाही, ती पडून पडून म्हातारी होते.

उरलेले काम पाऊस करतो. फिनिक्सचा वार्षिक पाऊस सरासरी १८० मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत जुलैमधल्या एखाद्या जोरदार दिवशी एवढा कोसळतो. पण १५ जून ते ३० सप्टेंबर या तिथल्या मान्सूनच्या काळात तो वादळी सरींनी, थोड्या वेळात पडतो. भेगांतून पाणी खालच्या खडीच्या थरात उतरते, माती मऊ होते आणि वरून गाडी गेली की तो भाग खचतो. मगरीच्या पाठीसारखे बारीक भेगांचे जाळे दिसू लागले, की दुखणे वरच्या थराचे राहिलेले नसते.

मग त्या हवेला वेगळे डांबर लागत नाही का?

लागते. अमेरिकेत नव्वदच्या दशकापासून बिटुमेनची प्रतवारी तापमानावरून होते. फिनिक्सच्या भागात सर्रास वापरले जाणारे ‘पीजी ७०-१०’ याचा अर्थ असा की, पृष्ठभाग ७० अंशांपर्यंत तापला तरी ते दबून चाकोऱ्या पडू नयेत आणि उणे १० अंशांपर्यंत ते तडकू नये. भारतात हीच निवड चिकटपणावर आधारित व्हीजी-१० ते व्हीजी-४० या प्रतींतून होते. अकोला, चंद्रपूरच्या उन्हात कोणती प्रत वापरली, हा प्रश्न तिथेही रास्त ठरतो. घरमालकाने कंत्राटदाराला विचारावा असा हा पहिला प्रश्न. बहुतेक जण मात्र फक्त दर विचारतात.

मिलिंग कशासाठी?

मिलिंग म्हणजे कार्बाइडचे दात बसवलेला दंडगोल फिरवून जुने डांबर ठरावीक खोलीपर्यंत खरवडून काढणे. मोठ्या रस्त्यांवर यासाठी अवजड यंत्रे येतात; घराच्या वाटेवर छोट्या लोडरला जोडलेले, अर्ध्या-एक मीटर रुंदीचे यंत्र पुरते. २० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद वाट ४० मिलिमीटर खरवडली, तर साधारण साडेसात टन माल निघतो. हा माल कचरा नव्हे. अमेरिकेत दरवर्षी असे नऊ कोटी टनांहून अधिक जुने डांबर नव्या मिश्रणात पुन्हा वापरले जाते. ग्रामीण अ‍ॅरिझोनात तर हाच चुरा कच्च्या वाटांवर पसरून रोलरने दाबतात. उन्हाने त्यातले उरलेसुरले बिटुमेन मऊ होऊन तो बऱ्यापैकी जमून बसतो. धूळ बसवण्यासाठी एवढा स्वस्त उपाय दुसरा क्वचितच सापडेल.

खरवडण्याचे मुख्य कारण उंची. गॅरेजच्या फरशीची पातळी ठरलेली असते. जुन्यावर ४० मिलिमीटरचा नवा थर चढवला की वाट गॅरेजपेक्षा उंच होते आणि पहिल्याच वादळी सरीचे पाणी थेट आत शिरते, किंवा उतार बदलून शेजाऱ्याच्या कुंपणाकडे वळते. महाराष्ट्रातील वाचकाला हे वेगळे सांगायला नको. वर्षानुवर्षे थरावर थर चढवलेल्या रस्त्यांमुळे पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी भरणाऱ्या सोसायट्या पुण्या-मुंबईत कमी नाहीत. वाळवंटात पाऊस कमी म्हणून ही चूक उशिरा कळते, एवढाच फरक.

दुसरे कारण भेगा. जुन्या भेगांवर पातळ थर टाकला की खालची भेग हळूहळू वर उमटते. मिलिंगने तडकलेला, जळालेला वरचा भाग निघून जातो. भेग खोलवर गेलेली असेल तर ती उरतेच. पण निदान ती उघडी दिसते आणि भरता येते.

मात्र मिलिंग हा सर्व रोगांवरचा उपाय नव्हे, आणि इथेच बरेच पैसे वाया जातात. घरापुढच्या वाटेचा डांबरी थर अनेकदा ५० मिलिमीटरच असतो. त्यातले ४० काढले तर खाली पापडासारखा पापुद्रा उरतो आणि यंत्राच्या वजनानेच तो फुटतो. अशा ठिकाणी गॅरेजच्या तोंडाशी आणि रस्त्याला मिळणाऱ्या कडेशीच उतरती खरवड करून मध्ये थर चढवणे, किंवा सगळे डांबर उखडून खालची खडी पुन्हा दाबून नव्याने बांधणे, हे दोनच मार्ग उरतात. वाट खचली असेल तर दुसराच. म्हणून काम ठरवण्याआधी दोन-तीन ठिकाणी खोदून थराची जाडी पाहणे आवश्यक आहे. तासाभराचे हे काम टाळून दिलेले कोटेशन हा अंदाजपंचे कारभार समजावा.

नवा थर टिकतो कशावर?

खरवडलेल्या पृष्ठभागावर बारीक धूळ उरते, आणि वाळवंटात ती वाऱ्यानेही येते. ती झाडून, ओढून काढल्याशिवाय त्यावर ‘टॅक कोट’, म्हणजे बिटुमेनच्या पातळ द्रावणाचा चिकट हात, बसत नाही. हे द्रावण शिंपडताना तपकिरी असते. त्यातले पाणी सुटले की काळे होते. त्याआधीच वर डांबर ओतले तर दोन थर एकजीव होत नाहीत आणि वर्षा-दोन वर्षांत वरचा थर पोपडे धरून निघतो. दिसायला क्षुल्लक वाटणाऱ्या या पायरीवर सर्वाधिक कामे बिघडतात.

मिश्रण साधारण १५० अंशांवर येते आणि ८० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलरने पुरेसे दाबावे लागते. उष्ण हवेत दाबायला वेळ जास्त मिळतो, हा फायदा. तोटा असा की, नवा थर कित्येक दिवस मऊ राहतो. जुलैत घातलेल्या वाटेवर गाडी उभी करून स्टिअरिंग जागच्या जागी फिरवले, तर चाकाखाली डांबर पिळवटून निघते. दुचाकीचा स्टँड थेट रुततो. थंड प्रदेशात एक-दोन दिवस पुरतात. इथे त्याहून अधिक वाट पाहावी लागते. ज्याला मुहूर्त निवडता येतो त्याने ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल निवडावा.

नुसता सील कोट पुरत नाही का?

सील कोट हे सनस्क्रीनसारखे आहे. भाजलेली कातडी त्याने बरी होत नाही. पृष्ठभाग धड असताना काही वर्षांच्या अंतराने दिला तर तो ऊन आणि पाणी अडवतो. भेगाळलेल्या वाटेवर दिला तर काही महिने छान काळेपणा मिळतो. अमेरिकेच्या पूर्व भागात यासाठी कोलटारवर आधारित लेप वापरले जात. त्यांतील कर्करोगकारक रसायने ओढ्या-तळ्यांत जातात असे दिसल्यावर टेक्सासमधील ऑस्टिन शहराने २००६ मध्ये त्यांवर बंदी घातली आणि पुढे वॉशिंग्टन व मिनेसोटा या राज्यांनीही. फिनिक्सने २०२० पासून शहराच्या काही रस्त्यांवर फिकट, ऊन परतवणारा लेप देऊन पाहिला. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या मोजमापांत दुपारी पृष्ठभाग सुमारे ६ अंश सेल्सिअसने थंड आढळला. पण परावर्तित ऊन अंगावर येत असल्याने त्यावरून चालणाऱ्याला भरदुपारी अधिक उष्णता सोसावी लागते, असेही त्यात दिसले. घरापुढे मुले खेळत असतील तर हा हिशेब आधी पाहावा.

‘शेजारच्या कामातून डांबर उरले आहे’ म्हणणाऱ्याचे काय?

त्याला परत पाठवावे. ट्रक घेऊन दारात येणारा, आजच्या आज अर्ध्या किमतीत वाट करून देतो म्हणणारा हा इसम अमेरिकेतील ग्राहक संरक्षण यंत्रणांच्या इशाऱ्यांत वर्षानुवर्षे येतो. गरम डांबर उरत नाही असे नाही. पण वाट झाडणे, टॅक कोट, जाडी, दाब यांपैकी काहीच न करता तासाभरात पातळ थर पसरून तो निघून जातो. बळी पडतात ते बहुधा एकटे राहणारे वृद्ध. दारात येऊन केलेला असा व्यवहार तीन कामकाजी दिवसांत रद्द करण्याची तरतूद तिथल्या संघीय नियमांत आहे. मात्र परतावा मागायला तो माणूस सापडला पाहिजे. अ‍ॅरिझोनात हजार डॉलरवरच्या कामाला कंत्राटदाराचा परवाना लागतो आणि तो नोंदणी कार्यालयात तपासता येतो. फोन करायला पाच मिनिटे लागतात.

आणि हे काम करणारे?

वाटेच्या दराबद्दल चर्चा होते तेव्हा हा भाग सहसा येत नाही. मिलिंगमध्ये खडी दळली जाते आणि सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसांत साठून सिलिकोसिस होतो. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमानुसार मिलिंग यंत्रांवर पाण्याचा फवारा किंवा धूळ ओढणारी व्यवस्था हवी. पाणी महाग असलेल्या प्रदेशात, भिंतीआडच्या खासगी अंगणात तो फवारा चालू आहे की नाही हे पाहायला कोणी येत नाही.

दुसरा शत्रू अर्थातच उष्णता. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येते, तिथे २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. बाहेर ४३ अंश, पायाखाली १५० अंशांचे मिश्रण, शेजारी रोलरचे इंजिन, अशा स्थितीत रेक घेऊन उभा राहणारा माणूस दुपारी बारानंतर काय स्थितीत असतो याची कल्पना करता येईल. जाणते कंत्राटदार पहाटे सुरू करून दुपारपूर्वी आवरतात. दिवसाला दोन वाटा उरकणारे तसे करू शकत नाहीत, आणि स्वस्त कोटेशन बहुधा त्यांचेच असते. मार्च २०२४ मध्ये फिनिक्सच्या नगर परिषदेने उष्णतेत काम करणाऱ्यांना पाणी, सावली आणि विश्रांती देणे बंधनकारक करणारा ठराव संमत केला. तो शहराशी करार असलेल्या कंत्राटदारांना आणि त्यांच्या उपकंत्राटदारांना लागू आहे. घरापुढची वाट खरवडायला येणारे बहुतेक जण त्यात येत नाहीत.