अनित्य भावना कोणासाठी?



आमच्या शेजारचा इंजिनिअर मुलगा गेला. कॅथलिक घरातला, अवघा २६ वर्षांचा. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. पर्युषणात सासूबाईंना स्थानकात जायला रिक्षा मिळाली नाही, की हाच गाडी काढायचा.

भेटायला गेलेल्या काहीजणी त्याच्या आईला म्हणाल्या, "आयुष्य कर्म तेवढंच होतं." सिद्धांत खरा आहे. पण बारा भावनांतली पहिली, अनित्य भावना, आपण स्वतःच्या मनाला शिकवायची असते. मूल गेलेल्या आईला ऐकवायची नसते. तिच्यासाठी मैत्री आणि करुणा या भावना आहेत.

कॅथलिक लोक २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतात, कबरीवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी आपण तिच्यासोबत जावं, असं मला वाटतं. मिथ्यात्व लागेल, अशी भीती काहींना वाटते. पण शेजारणीचं दुःख वाटून घेणं म्हणजे आपली श्रद्धा सोडणं नव्हे. मनात नवकार म्हणावा, गप्प उभं राहावं. आणि बोलावंसं वाटलंच, तर त्या मुलाचं नाव घेऊन त्याची एखादी आठवण सांगावी. आता ते नाव तिच्या कानावर फारसं पडत नाही.