हवा-पाणी : थंडी सोसेल, ढग सांभाळा



स्वाती नक्षत्र सरले की आपल्याकडे पावसाचा हिशेब मिटतो. इरली, घोंगड्या माळ्यावर जातात आणि रेडिओवर हवामानाची बातमी लागली की घरातले लोक उठून कामाला लागतात. पाऊस गेला, आता ती बातमी कशाला ऐकायची, असे पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर असे, की भात खळ्यावर, बाजरी अंगणात आणि कांद्याचे रोप वाफ्यात असते ते याच दिवसांत. जून महिन्यात एक पाऊस चुकला तर पेरणी पुन्हा करता येते. नोव्हेंबरात एक पाऊस नको तेव्हा आला तर वर्षाची कमाई भिजते.

वारा कुठून येतो ते पाहा

कार्तिक ते पौष या काळात आपले हवामान दोन वाऱ्यांच्या ओढाताणीवर चालते. एक उत्तरेचा. तो कोरडा व थंड असतो. तो वाहू लागला की आभाळ निरभ्र होते आणि जमिनीची दिवसभराची ऊब रात्री उडून जाते. दुसरा वारा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतो. त्यात समुद्राची वाफ असते. तो आला की ढग जमतात, रात्री उबदार होतात आणि दव वाढते.

यावरून घरबसल्या ओळखण्याची एक खूण सांगतो. चार-पाच दिवस चांगली थंडी पडली आणि एका रात्री ती अचानक मोडली, पहाटे चादर नकोशी झाली, तर खुशाल होऊ नका. समुद्राकडची हवा आत शिरली असा त्याचा बहुधा अर्थ असतो. त्या दिवशी हवामानाची बातमी ऐकल्याशिवाय विळा हातात घेऊ नका.

समुद्र अजून शांत झालेला नसतो

मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातून परततो, पण अरबी समुद्र व बंगालचा उपसागर या दिवसांत पुन्हा खवळतात. 11 नोव्हेंबर 2009 रोजी 'फयान' चक्रीवादळ अलिबाग व मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागले. 2017 च्या डिसेंबरात 'ओखी' वादळ कन्याकुमारीच्या बाजूने निघून थेट गुजरातजवळ येऊन विरले, पण जाता जाता 4 व 5 डिसेंबरला मुंबई आणि उत्तर कोकण भिजवून गेले. 2019 साली दिवाळीच्या सुमारास 'क्यार' आणि 'महा' ही दोन वादळे लागोपाठ झाली. दोन्ही आपल्या किनाऱ्यावर आदळली नाहीत, तरीही अवकाळी पावसाने काढणीला आलेले भात, सोयाबीन आणि द्राक्षबागा यांची राज्यभर हानी झाली. वादळ दूर आहे म्हणून पाऊस येणार नाही, असे समजू नये.

1 व 2 डिसेंबर 2021 चे दिवस जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागातल्या मेंढपाळांच्या विस्मरणात जाणार नाहीत. पाऊस, गार वारा आणि थंडी एकदम आली. उघड्या वाड्यावर बसलेल्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. कोरड्या थंडीत मेंढी लोकरीमुळे तगते. लोकर भिजली की तीच लोकर तिच्या जिवावर उठते. मेंढपाळ बंधूंनी पावसाचा इशारा मिळताच कळप पडक्या वाड्यात, शाळेच्या पडवीत, मिळेल त्या आडोशाला न्यावा. गावकऱ्यांनीही त्या रात्री जागा नाकारू नये, ही माझी हात जोडून विनंती.

भात आणि खळे

मावळ, मुळशी, भोर आणि खाली पालघर, ठाणे, रायगडात भात कापून दोन-तीन दिवस शेतात वाळत टाकतात. धोका तेवढाच असतो. पुढचे तीन दिवस कोरडे आहेत असे कळले तरच कापणी करा, आणि झोडता येईल तेवढेच कापा. उभे भात एका पावसात लोळेल, पण आडवे पडलेले भात भिजून उगवेल. इशारा मिळाला तर कापलेल्या पेंढ्या बांधाच्या उंच जागी, कणसे आतल्या बाजूला करून रचा आणि वर ताडपत्री टाका. धान्य कणगीत भरण्याआधी भगिनींनी दाणा दाताखाली धरून पाहावा. कट्ट आवाज आला तर वाळला, चेपला तर आणखी ऊन हवे.

गहू, हरभरा, कांदा

गव्हाला थंडी हवी. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराने हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पन्न घटते, असा कृषी विद्यापीठाचा अनुभव आहे. म्हणून 15 डिसेंबरनंतर गहू पेरूच नये. उशीर झालाच तर हेक्टरी 100 किलोऐवजी 125 किलो बियाणे वापरावे, कारण फुटवे कमी येतात.

ढगाळ दिवसांत हरभऱ्यावर घाटेअळी वाढते. आठवड्यातून दोनदा शेतातून चालत जा आणि कोवळी पाने, फुले हाताने उलटून पाहा. शेतात इंग्रजी टी अक्षरासारखी लाकडे रोवलीत तर पक्षी त्यावर बसून अळ्या वेचतात, त्याला पैसा पडत नाही. कांद्याचे रोप सपाट वाफ्यात टाकले असेल तर पाणी साचू देऊ नका. गादीवाफा केव्हाही चांगला. द्राक्षबागायतदारांनी दव आणि ढग दिसताच केवड्याकडे लक्ष द्यावे. किनाऱ्याकडच्या आंबेवाल्यांना मात्र उत्तरेचा वारा हवाच असतो. थंडी लांबली की मोहोर लांबतो.

थंडीचा आकडा आणि तुमचे शेत

पुण्याचे किमान तापमान म्हणून रेडिओवर सांगतात ते शिवाजीनगरच्या वेधशाळेतले. 1928 साली हवामान खात्याचे कार्यालय सिमल्याहून तिथे आले, म्हणून तिला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. तिथे 17 जानेवारी 1935 ला पारा 1.7 अंशांवर उतरला होता. मी राहतो त्या कर्वेनगरात आता घराला घर लागले आहे, भिंती रात्रभर ऊब धरतात. तुमचे शेत ओढ्याकाठी, खोलगट जागी असेल तर जड गार हवा तिथेच साचते आणि पिकाला बसणारी थंडी बातमीतल्या आकड्यापेक्षा जास्त असते. तेवढी वजाबाकी मनात करा.

पारा 6-7 अंशांच्या खाली जाणार असेल तर भाजीपाला, केळी आणि द्राक्षे यांना संध्याकाळी विहिरीचे पाणी द्या. हिवाळ्यात ते हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. पहाटे वाऱ्याच्या बाजूने बांधावर ओला-सुका पालापाचोळा पेटवून धूर करा.

गोठ्याच्या उत्तरेकडच्या बाजूला पोत्यांचे पडदे लावा, वासरांखाली कोरडा भुसा घाला. आणि एक घरातले सांगतो. म्हातारी माणसे व बाळंतीण यांच्यासाठी कोळशाची शेगडी पेटवून खोलीचे दार-खिडकी बंद करू नका. त्या शेगडीच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. घरात कुणाच्या मोबाईलवर 'मेघदूत' असेल तर आपल्या जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज मराठीत मिळतो. मुलांना तो संध्याकाळी मोठ्याने वाचायला सांगा. आजोबांनी वाऱ्याची दिशा सांगावी, नातवाने अंदाज वाचावा, आणि दोन्ही जुळले की मग कापणीचा दिवस ठरवावा.