मीठ कुणाचे?

घरची मोलकरीण चार पैसे अधिक देणाऱ्याकडे गेली किंवा वाडीतल्या मजुराने मजुरी वाढवून मागितली, की आपल्यातल्या प्रतिष्ठितांच्या तोंडी हमखास एक शब्द येतो: 'निमकहराम'! हा शब्द आपण केव्हातरी तपासून पाहणार आहोत की नाही?

'नमक' फारसी आणि 'हराम' अरबी. धन्याचे मीठ खाऊन त्याच्याशी बेइमान झालेला, तो निमकहराम. मिठाशी इमान जोडण्याची ही रीत फार जुनी. जुन्या करारातील एज्राच्या ग्रंथात (४:१४) यरुशलेमची पुनर्बांधणी पाहून पोटात दुखू लागलेले अधिकारी इराणच्या अर्तहशश्त राजाला पत्र धाडतात आणि 'आम्ही राजवाड्याचे मीठ खातो' अशा अर्थाची मखलाशी करतात. मिठाची ही साक्ष चुगलीसाठी काढलेली आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

याउलट आपला 'कृतघ्न' हा शब्द पाहा. 'कृत' म्हणजे केलेले. 'घ्न' हा 'हन्' धातूपासून आलेला, 'शत्रुघ्न' या नावातला. केलेल्याची हत्या करणारा तो कृतघ्न आणि केलेले जाणणारा तो कृतज्ञ. कुणी केले, धन्याने की गड्याने, हे हा शब्द विचारीत नाही. म्हणून वीस वर्षे राबलेल्या गड्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणारा मालकही कृतघ्न ठरू शकतो. निमकहराम मात्र तो कधीच ठरत नाही! ती शिवी फक्त वरून खाली येते.

डहाणू-तलासरीकडे सावकार वारल्याला लग्नापुरते पैसे देई आणि त्या बदल्यात नवराबायको वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबत. अशांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी ही वेठ झुगारली. सावकाराच्या मोजमापाने ते सारे निमकहरामच की! पण त्यांनी कुणाच्या कोणत्या उपकाराची हत्या केली?

उपकाराची जाण नको, असे आमचे म्हणणे नाही. परंतु घामाचे दाम म्हणजे उपकार नव्हे. तो व्यवहार आहे, आणि पुष्कळदा धन्याच्याच फायद्याचा. शिवाय ज्या मिठाचा एवढा डंका पिटायचा, ते तरी धन्याने कुठे पिकवले? आपल्या किनाऱ्यावरील मिठागरांत भर उन्हात ते ओढून ढीग घालणारे हात मजुरांचेच आहेत.