रक्त 'आपल्यांचंच' हवं?



गेल्या महिन्यात एका परिचितांच्या शस्त्रक्रियेसाठी ई-मेल फिरली: "शक्यतो आपल्या मराठी मंडळींचंच रक्त हवं." भीती अगदीच निराधार नाही. आयझॅक असिमॉव्ह आणि आर्थर अ‍ॅश या दोघांनाही १९८३च्या हृदयशस्त्रक्रियेत मिळालेल्या रक्तातून एचआयव्हीची लागण झाली. अमेरिकेत चाचणी आली १९८५मध्ये. आज इथे दान केलेलं सगळं रक्त एचआयव्हीसाठी तपासलं जातं. धोका उरतो तो लागणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांचा, जेव्हा चाचणीत काहीच दिसत नाही. तिथे दात्याचं खरं उत्तरच कामी येतं. भिडेखातर आलेला मेहुणा सगळं खरं सांगेल? (सख्ख्या भावाचं रक्त तर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करूनच देतात, नाहीतर त्यातल्या पांढऱ्या पेशी रुग्णावरच उलटू शकतात.)

भारतवारीनंतर रक्तपेढी थांबायला सांगते, त्याचाही अनेकांना राग येतो. मलेरियासाठी इथे सरसकट चाचणी होत नाही, म्हणून ही अट. २०२०मध्ये ती एका वर्षावरून तीन महिन्यांवर आली. मी जानेवारीत पुण्याहून परतलो आणि खरं तेच सांगितलं. आता एप्रिलमध्ये जाईन. रक्त कुणाला मिळेल, मला कळणार नाही.