विश्लेषण : रेडिओलॉजी विभागात कामाचा भार मोजायचा कसा?

एका डॉक्टरने दिवसभरात छातीचे ८० एक्स-रे तपासून अहवाल दिले. दुसऱ्याने पोटाचे २० सीटी स्कॅन. जास्त काम कोणाचे? नुसती संख्या पाहिली तर पहिल्याचे.

गुणांची पद्धत काय?
अमेरिकेत मेडिकेअर योजनेने १९९२ पासून वेळ, कौशल्य आणि ताण पाहून डॉक्टरांच्या कामाला गुण देणारी ‘रिलेटिव्ह व्हॅल्यू युनिट’ पद्धत लागू केली. त्यात छातीच्या एका एक्स-रेला साधारण ०.१८, तर पोट व ओटीपोटाच्या कॉन्ट्रास्ट सीटीला १.८ गुण. या हिशेबाने दुसऱ्या डॉक्टरचे काम दुपटीहून अधिक भरते.

काय निसटते?
सर्जनशी फोनवर चर्चा, शिकाऊ डॉक्टरांना मार्गदर्शन यांना गुण नाहीत. भारतात गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘पीसीपीएनडीटी’ कायद्यानुसार ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो. नुसत्या तपासण्या मोजल्या तर हा वेळ दिसतच नाही. तंत्रज्ञाने पोर्टेबल यंत्र आयसीयूत नेऊन काढलेला एक्स-रेही नोंदवहीत एकच.

धोका कोणाला?
फक्त गुणांवर कामगिरी ठरली, तर सोपे अहवाल आधी उरकले जातात, गुंतागुंतीचे मागे पडतात. घाईत गाठ नजरेतून सुटली, तर किंमत रुग्ण मोजतो. म्हणून गुणांसोबत अहवालाला लागलेला वेळ, चुका आणि पुन्हा काढाव्या लागलेल्या फिल्म यांचीही नोंद हवी.